जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा बाजार : आवाज खणखणीत, हमी मात्र शून्य

अहिल्यानगर : ‘जुने ते सोने’ ही म्हण सागवानी कपाटाला, तांब्या-पितळेच्या भांड्यांना आणि वाड्याच्या कोरीव खांबांना लागू पडते, हे सर्वांनाच मान्य आहे. विजेवर चालणाऱ्या यंत्राला ती लागू करण्याचे धाडस मात्र आजवर कोणी केले नव्हते. बंद पडलेला रेडिओ, टेप किंवा अ‍ॅम्प्लिफायर माळ्यावर जायचा आणि दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याच्या हातगाडीवर. गेल्या काही वर्षांत हे चित्र पालटले आहे. ३०-४० वर्षांपूर्वीच्या स्टीरिओ पॉवर अ‍ॅम्प्लिफायरना पुन्हा गिऱ्हाईक मिळू लागले असून, अशी खरेदी-विक्री आता केवळ मुंबईच्या चोरबाजारापुरती किंवा पुण्याच्या जुन्या बाजारापुरती राहिलेली नाही. मोबाईलवरील जाहिरातींमुळे ती श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगावसारख्या तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली आहे. या बाजारात उत्साह भरपूर आहे. पण पावती, हमी आणि दुरुस्ती या तिन्ही गोष्टींचा दुष्काळ आहे. हौसेला मोल नसते हे खरे, तरी त्या हौसेपायी कष्टाचे पैसे बुडू नयेत, यासाठी हा व्यवहार नेमका कसा चालतो हे समजून घेण्याची गरज आहे.

लाट बाहेरची, माल घरचा

या मागणीचे मूळ ध्वनिमुद्रिकांच्या पुनरागमनात आहे. अमेरिकेत २०२२ साली सुमारे ४ कोटी १० लाख ध्वनिमुद्रिका विकल्या गेल्या, तर सीडींची विक्री ३ कोटी ३० लाखांच्या आसपास राहिली. नगसंख्येच्या हिशेबात तबकडीने सीडीला मागे टाकण्याची १९८७ नंतरची ही पहिलीच वेळ होती. तबकडी आली की तिला वाजविणारे टर्नटेबल आले, आणि त्यापाठोपाठ अ‍ॅम्प्लिफायर व स्पीकरही आले. नव्या दर्जेदार यंत्रांच्या किमती मध्यमवर्गीय नोकरदाराच्या आवाक्याबाहेरच्या असल्याने नजर साहजिकच जुन्या मालाकडे वळली.

हा माल आपल्याकडे आला कोठून, हेही पाहण्यासारखे आहे. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणापूर्वी परदेशी इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध होते. त्यामुळे जपानी वा इंग्रजी बनावटीचे यंत्र घरी येण्याच्या वाटा मोजक्याच होत्या. आखाती देशांतून सुटीवर परतणारा नातेवाईक, बोटीवर नोकरी करणारा शेजारी किंवा मुंबईतील ‘इम्पोर्टेड’ मालाचे दुकान. ज्यांना हे शक्य नव्हते त्यांच्यासाठी देशी पर्याय होते. कोलकात्यात १९७० साली सुरू झालेली सोनोडाइन, मुंबईची कॉस्मिक ही नावे त्या पिढीला आजही आठवतात. लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून गावातील मेकॅनिककडून ‘असेंबल’ करून घेतलेले अ‍ॅम्प्लिफायर तर घरोघरी होते.

नगर जिल्ह्याचे वेगळेपण असे, की येथे या सर्व वाटा एकत्र आल्या. प्रवरानगरला १९५० मध्ये सुरू झालेल्या सहकारी साखर कारखान्याने ज्या समृद्धीची सुरुवात केली, तिने पुढील दोन-तीन दशकांत बागायती पट्ट्यातील बंगल्यांमध्ये चैनीच्या वस्तू आणल्या. नगर शहराला लागून असलेल्या भिंगारच्या लष्करी छावणीमुळे देशाच्या सर्व भागांतील कुटुंबांची येथे ये-जा राहिली. बदली झाली की जड सामान विकून पुढे जाण्याची रीतही जुनीच आहे. शिवाय पुणे आणि छत्रपती संभाजीनगर ही दोन्ही मोठी शहरे नगरपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत. अशा रीतीने जुना माल येथे आहे आणि तो घेणारेही आहेत. नाही ती मधली व्यवस्था. म्हणजे माल तपासून, किंमत ठरवून, जबाबदारी घेऊन विकणारा दुकानदार.

नाव सोनूबाई

खरेदीदाराची पहिली फसगत होते ती नावामुळे. सॅन्सुईचेच उदाहरण घ्या. सत्तरच्या दशकात या जपानी कंपनीने बनविलेले अ‍ॅम्प्लिफायर आज जगभर शोधले जातात. परंतु आपल्याकडे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून सॅन्सुई हे नाव व्हिडिओकॉन समूहाने आपल्या दूरचित्रवाणी संचांसाठी व इतर उत्पादनांसाठी वापरले. त्या समूहाचा चितेगावचा कारखाना नगर जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नव्हता. २०१८ साली व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, मात्र तिने बाजारात आणलेला माल आजही घराघरांत आहे. ही उत्पादने आपल्या जागी ठीक असतील. पण नाव एक असले म्हणून ती जपानी अ‍ॅम्प्लिफायरची भावंडे ठरत नाहीत. अकाईसारख्या इतर जपानी नावांचाही असाच प्रवास झाला. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ असा प्रकार टाळायचा, तर दर्शनी पट्टीवरील नावापेक्षा मागील बाजूची पट्टी वाचावी. मॉडेल क्रमांक, उत्पादनाचा देश, लागणारा विद्युतदाब आणि वीज वापर या चार गोष्टी तेथेच छापलेल्या असतात.

दुसरी गल्लत अ‍ॅम्प्लिफायरच्या जातीविषयी होते. सभा, कीर्तन, जत्रा आणि शाळेच्या मैदानावर दिसणारा आहुजासारख्या कंपन्यांचा अ‍ॅम्प्लिफायर हा ‘पब्लिक अ‍ॅड्रेस’ प्रकारचा असतो. लांबवर टाकलेल्या तारांवरून अनेक कर्णे वाजविता यावेत, म्हणून त्याच्या मागे १०० व्होल्ट लाइनची सोय असते. तो दणकट असतो, पण बहुधा एकाच वाहिनीचा, म्हणजे मोनो. बोलणे स्पष्ट ऐकू जावे हा त्याचा हेतू. तानपुऱ्याच्या जोडीतील बारकावे दोन स्पीकरमधून वेगवेगळे ऐकविणे हा नव्हे. मंडप डेकोरेटर व्यवसाय बंद करताना असे नग स्वस्तात निघतात आणि जाहिरातीत त्यांना सर्रास ‘व्हिंटेज स्टीरिओ’ असे बिरुद चिकटविले जाते.

तिसरी बाब त्याहून महत्त्वाची आहे. शुद्ध ‘पॉवर अ‍ॅम्प्लिफायर’ हे एकट्याने काम करणारे यंत्र नाही. इंग्लंडमधील क्वाड कंपनीचे १९६७ चे ३०३ किंवा १९७५ चे ४०५ हे मॉडेल पाहिले, तर त्यांवर आवाज कमी-जास्त करण्याचे बटणच आढळत नाही. त्यांच्या आधी प्रीअ‍ॅम्प्लिफायर जोडावा लागतो. टर्नटेबल वाजवायचे असेल, तर त्याच्या क्षीण संकेतासाठी ‘फोनो’ विभाग वेगळा लागतो. याउलट ‘इंटिग्रेटेड’ अ‍ॅम्प्लिफायरमध्ये प्रीअ‍ॅम्प्लिफायर व पॉवर विभाग एकाच पेटीत असतात, आणि जुन्या यंत्रांमध्ये फोनोची सोयही बहुतेक वेळा असते. हा फरक न कळाल्याने पॉवर अ‍ॅम्प्लिफायर घरी आणल्यावर तेवढ्याच किमतीची आणखी दोन यंत्रे घ्यावी लागतात, आणि ‘स्वस्तात मस्त’ म्हणून केलेला सौदा महागात पडतो.

वॅटचा भूलभुलय्या

अ‍ॅम्प्लिफायरची ताकद वॅटमध्ये सांगतात. नव्वदच्या दशकात आपल्या बाजारात ‘पीएमपीओ’ नावाच्या आकड्याने धुमाकूळ घातला होता. छोट्याशा टू-इन-वनवर चारशे, सहाशे, हजार वॅट असे आकडे झळकत. हा आकडा मोजण्याची कोणतीही सर्वमान्य पद्धत नव्हती. क्षणार्धापुरती निघू शकेल अशी कल्पित शक्ती छापण्याचा तो प्रकार होता. अमेरिकेत अशाच फुगवलेल्या आकड्यांना आळा घालण्यासाठी तेथील व्यापार आयोगाने १९७४ साली नियम केला. त्यानुसार किती ओहमच्या स्पीकरवर, कोणत्या कंपनसंख्येपर्यंत आणि किती विकृतीसह सलग किती वॅट मिळतात, हे जाहिरातीत सांगणे बंधनकारक झाले. २०२४ मध्ये हा नियम पुन्हा सुधारण्यात आला. जुन्या जपानी यंत्रांच्या माहितीपत्रकांतील आकडे विश्वसनीय मानले जातात, ते बऱ्याच अंशी या नियमामुळे.

सामान्य ग्राहकालाही आकडा पडताळण्याची सोपी युक्ती आहे. मागील पट्टीवर लिहिलेला वीज वापर पाहावा. जुन्या ‘एबी’ वर्गातील अ‍ॅम्प्लिफायर जेवढी वीज घेतो, तिच्यातील बराच भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. आदर्श स्थितीतही त्याची कार्यक्षमता सुमारे ७८ टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. म्हणजे २०० वॅट वीज घेणारे यंत्र दोन्ही वाहिन्यांना प्रत्येकी २०० वॅट सलग देईल, हा दावा गणितातच बसत नाही.

मुळात घरातील खोलीसाठी मोठ्या आकड्याची गरजही नसते. शक्ती दुप्पट केली तरी आवाजाची पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. पन्नासचे शंभर वॅट झाले, तर कानाला जाणवणारा फरक बेताचाच. १९७८ मध्ये बाजारात आलेला नॅड कंपनीचा ३०२० हा अ‍ॅम्प्लिफायर कागदोपत्री अवघ्या २० वॅटचा होता, तरी त्याने जगभर नाव कमावले. तेव्हा वॅट मोजून पैसे देण्यापेक्षा यंत्राची प्रकृती पाहून पैसे देणे शहाणपणाचे.

विजेचे गणित

या खरेदीत सर्वाधिक नुकसान होते ते चुकीच्या विद्युतदाबामुळे. भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असतो. जपानच्या देशांतर्गत बाजारासाठी बनलेले यंत्र १०० व्होल्टचे, अमेरिकेसाठी बनलेले १२० व्होल्टचे, युरोपातील जुने २२० व्होल्टचे आणि इंग्लंडमधील २४० व्होल्टचे. जपानी किंवा अमेरिकन यंत्र थेट आपल्या प्लगमध्ये घातले, तर काही क्षणांत ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. काही मॉडेलना मागे विद्युतदाब निवडण्याचा खटका असतो; तो कोठे आहे हे पाहिल्याखेरीज यंत्र सुरू करू नये.

खटका नसल्यास विद्युतदाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. तो घेताना दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे त्याची क्षमता अ‍ॅम्प्लिफायरच्या कमाल वापराहून पुरेशी जास्त असावी. दुसरी म्हणजे वायंडिंग तांब्याचे आहे की अ‍ॅल्युमिनियमचे, कारण तांब्याच्या नावाखाली अ‍ॅल्युमिनियम खपविण्याचा प्रकार या धंद्यात नवा नाही. केवळ ६० हर्ट्झसाठी बनलेल्या अमेरिकन यंत्राची आणखी एक अडचण असते. विद्युतदाब बरोबर केला तरी ५० हर्ट्झवर त्याच्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावरील चुंबकीय भार सुमारे वीस टक्क्यांनी वाढतो. परिणामी तो घुमतो आणि जास्त तापतो. जपानमध्ये ५० व ६० हर्ट्झ असे दोन्ही पुरवठे असल्याने तेथील यंत्रांना ही अडचण सहसा येत नाही.

त्यातच ग्रामीण भागातील विजेचा लपंडाव. कमी दाबाच्या पुरवठ्यात सहा टक्क्यांचा चढ-उतार मान्य धरला जातो. म्हणजे २३० चे सुमारे २१६ ते २४४ व्होल्ट. प्रत्यक्षात शेतीपंप सुरू झाले की दाब कोसळतो आणि ते बंद होताच वर उसळतो, हा अनुभव वस्ती-वाड्यांवर नवा नाही. २२० व्होल्टसाठी बनलेल्या ४० वर्षांच्या यंत्राला हे धक्के सोसत नाहीत. चांगला स्टेबिलायझर आणि घराचे अर्थिंग यांवरचा खर्च हा अ‍ॅम्प्लिफायरच्या किमतीचाच भाग समजला पाहिजे.

हवामानाच्या बाबतीत मात्र नगर जिल्हा नशीबवान म्हणावा लागेल. पर्जन्यछायेतील या कोरड्या प्रदेशात किनाऱ्यावरील खाऱ्या हवेसारखा गंज चढत नाही. मुंबईहून आणलेल्या यंत्राच्या स्विचेस व सॉकेटवर काळसर थर हमखास आढळतो. येथे शत्रू आहे तो धुळीचा. हीटसिंकच्या पात्यांत साचलेली धूळ उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि ट्रान्झिस्टर जळण्याचे कारण ठरते.

घेण्यापूर्वीची तपासणी

जुन्या यंत्रात सर्वांत आधी म्हातारे होतात ते इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. त्यांच्यातील द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकत जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, असा ठोकताळा आहे. कंडेन्सरचे टोक फुगलेले, तळाशी तपकिरी ओघळ, स्पीकरमधून सतत घूं-घूं असा आवाज ही त्याची लक्षणे. व्हॉल्यूम फिरविताना येणारी खरखर मात्र बहुधा साफसफाईने जाते. तिला घाबरण्याचे कारण नाही.

दीर्घकाळ बंद असलेले यंत्र थेट विजेला जोडणे हा मोठा धोका आहे. अनुभवी मेकॅनिक अशा वेळी ‘सिरीज बोर्ड’ वापरतात. यंत्राच्या मालिकेत ६० किंवा १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा जोडलेला असतो. आत शॉर्ट असेल, तर दिवा प्रखर पेटून राहतो आणि यंत्र वाचते; सर्व ठीक असेल, तर दिवा क्षणभर उजळून मंद होतो. यानंतर स्पीकर जोडण्यापूर्वी दोन्ही वाहिन्यांच्या टोकांवर मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज मोजावे. ते काही मिलिव्होल्टच्या घरात असावे. पन्नासच्या वर गेले तर दुरुस्तीची गरज समजावी आणि काही व्होल्ट दिसले तर स्पीकर जोडूच नये. तो जळून जाईल. या दोन चाचण्यांना पंधरा मिनिटेही लागत नाहीत. विक्रेता त्यांना नकार देत असेल, तर तो नकार हेच उत्तर समजावे.

पूर्वी दुरुस्त झालेल्या यंत्रात आणखी एक पाहावे लागते, ते म्हणजे मूळ ट्रान्झिस्टर शिल्लक आहेत का. तोशिबाच्या सी-५२०० आणि ए-१९४३ या लोकप्रिय जोडीच्या नकली प्रती बाजारात उदंड आहेत. छपाई हुबेहूब, पण आतील चकती लहान. कमी आवाजात त्या चालतात आणि जोर दिला की जातात. डाव्या व उजव्या वाहिनीत वेगवेगळ्या बनावटीचे ट्रान्झिस्टर दिसले, तर किंमत उतरवून मागण्यास ते पुरेसे कारण आहे.

एक इशारा येथे आवश्यक आहे. हौसेखातर झाकण उघडून हात घालणे टाळावे. वायर काढल्यानंतरही मोठ्या कंडेन्सरमध्ये विद्युतभार शिल्लक राहतो. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तर तो चारशे व्होल्टच्या पुढे असू शकतो व जीवघेणा ठरतो. हे काम जाणकारानेच करावे.

जाणकार आहेत कोठे?

खरी ग्यानबाची मेख येथेच आहे. यंत्र मिळते, सुटे भाग मिळतात. दुरुस्त करणारा मिळत नाही. रेडिओ-टेपच्या काळात जवळपास प्रत्येक बाजारपेठेत दुरुस्तीचे दुकान असे. टेप गेला, पाठोपाठ पिक्चर ट्यूबचा टीव्ही गेला आणि त्या दुकानांचे मोबाईलच्या दुकानांत रूपांतर झाले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील ‘मेकॅनिक रेडिओ अँड टीव्ही’ या अभ्यासक्रमाची जागा पुढे घरगुती उपकरणांच्या व्यापक अभ्यासक्रमाने घेतली. काळानुरूप ते योग्यच होते. परंतु सर्किटचा नकाशा वाचून, एकेका टप्प्यावर व्होल्टेज मोजून दोष हुडकण्याची जी शिस्त होती, ती आज प्रामुख्याने साठी ओलांडलेल्या कारागिरांकडे उरली आहे. नवीन मुले ‘बोर्ड बदला’ या पद्धतीत वाढली आहेत आणि जुन्या यंत्राला बदलायला बोर्डच मिळत नाही.

यातील विरोधाभास विचार करायला लावणारा आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या अ‍ॅम्प्लिफायरचे झाकण स्क्रूने उघडते, प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, सोल्डरिंग गनने काढता येतो आणि उत्पादकाने सर्किटचा नकाशा सर्व्हिस पुस्तिकेत छापलेला असतो. उलट पाच वर्षांपूर्वीचा ब्लूटूथ स्पीकर डिंकाने चिकटविलेला, बॅटरी आत कोंडलेली. बिघडला की कचऱ्यात. जगात २०२२ या एका वर्षात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी जेमतेम २२ टक्क्यांवर रीतसर प्रक्रिया झाली, असे ‘ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर’चा २०२४ चा अहवाल सांगतो.

केंद्र सरकारने या प्रश्नाची दखल घेतली नाही असे नाही. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी संकेतस्थळ सुरू झाले. वस्तू किती सहज दुरुस्त करता येते हे दर्शविणाऱ्या ‘दुरुस्तीयोग्यता निर्देशांका’ची चौकट सुचविणाऱ्या समितीने मे २०२५ मध्ये आपला अहवाल सादर केला. हा निर्देशांक सुरुवातीला स्मार्टफोन व टॅब्लेटसाठी सुचविण्यात आला आहे. पाऊल योग्य दिशेने आहे. तथापि सुटे भाग आणि माहिती खुली केली, तरी ती वापरणारे हात तयार केले नाहीत, तर हक्क कागदावरच राहील. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि तंत्रनिकेतनांनी या जुन्या कारागिरांना अतिथी प्रशिक्षक म्हणून वर्षातून काही आठवडे जरी बोलावले, तरी हे ज्ञान पुढच्या पिढीकडे जाऊ शकेल. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. एक टेबल, दोन मल्टिमीटर आणि भंगारातील चार अ‍ॅम्प्लिफायर पुरेत.

फसवणूक आणि कायदा

जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन विक्रीत फसवणुकीचे प्रकार देशभर घडले आहेत. लष्करी जवान असल्याची बतावणी करायची, बदली झाल्याने सामान स्वस्तात देत असल्याचे सांगायचे, ओळखपत्राचे छायाचित्र पाठवायचे आणि आगाऊ रक्कम उकळायची, ही त्यातील ठरलेली पद्धत. छावणी असलेल्या नगरसारख्या शहरात ही थाप चटकन खरी वाटते, म्हणून येथील ग्राहकांनी अधिक सावध राहावे. वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि कानांनी ऐकल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. विक्रेत्यांनीही लक्षात ठेवावे, की यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला जात असेल, तर पैसे येत नसून जात आहेत. फसवणूक झाल्यास १९३० या सायबर मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी, कारण पहिल्या काही तासांतच रक्कम गोठविण्याची शक्यता सर्वाधिक असते.

खरेदीनंतर दोष आढळल्यास काय, हा पुढचा प्रश्न. माल दुकानदाराकडून घेतला असेल, तर तो जुना असला तरी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आधार घेता येतो. ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्कही नाही. राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ हा आहे. मात्र एखाद्या खासगी व्यक्तीने घरातील जुनी वस्तू विकली, तर ती व्यक्ती व्यापारी ठरत नाही आणि हा मार्ग अवघड होतो. तेथे १९३० चा माल विक्री कायदा लागू होतो. या कायद्याचे सर्वसाधारण तत्त्व ‘खरेदीदाराने स्वतः पारखून घ्यावे’ असेच आहे. परंतु वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे, अशी अटही त्यातच आहे.

म्हणूनच वर्णन लेखी असणे महत्त्वाचे. ‘दोन्ही वाहिन्या चालू, ट्रान्सफॉर्मर मूळचा, २३० व्होल्टवर तपासलेला’ एवढे वाक्य विक्रेत्याकडून मोबाईलवरील संदेशात घेतले, तरी वाद उद्भवल्यास त्याला किंमत येते. तोंडी आश्वासन आणि ‘जसे आहे तसे’ या शब्दांवर झालेल्या सौद्यात मात्र हात चोळत बसण्याखेरीज काही उरत नाही.

आवाज कोणासाठी?

या विषयाला सामाजिक बाजूही आहे. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा ग्राहक केवळ संगीतप्रेमी नसून, लग्न-मिरवणुकांचा ध्वनिव्यवसायही आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर परिसरासाठी ठरलेल्या पातळीपेक्षा ५ डेसिबलहून अधिक जाता कामा नये, असेही हे नियम सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतील शांततेचा आग्रह धरला. त्यामुळे घरात चांगला अ‍ॅम्प्लिफायर असणे म्हणजे गल्ली दणाणून सोडण्याचा परवाना नव्हे. चांगल्या यंत्राची ओळख त्याच्या कमी आवाजातील स्पष्टतेवरून होते, मोठ्या आवाजातील दणक्यावरून नव्हे.

थोडक्यात सांगायचे, तर जुना अ‍ॅम्प्लिफायर घेणे मूर्खपणाचे नाही; न तपासता घेणे मूर्खपणाचे आहे. खरेदीची किंमत, कंडेन्सर बदलण्याचा खर्च, ट्रान्सफॉर्मर वा स्टेबिलायझर, लागणारा प्रीअ‍ॅम्प्लिफायर आणि कारागिराची मजुरी यांची बेरीज करून मगच सौदा परवडतो की नाही ते ठरवावे. आणि सौदा ठरविण्याआधी कारागीर शोधावा, नंतर नव्हे. यंत्र पन्नास वर्षे टिकू शकते हे त्याने सिद्ध केले आहे. त्याला पुढील पंचवीस वर्षे चालते ठेवणारे हात जिल्ह्यात उरतील का, हा प्रश्न मात्र अद्याप अनुत्तरित आहे, आणि त्याचे उत्तर ग्राहकांइतकेच प्रशिक्षण संस्थांच्या हाती आहे.